कोरडा साज

नवीन पनवेल,
५ डिसेंबर १९९३

चि. देवेश यास,
मनूताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं खुशाल असाल. इकडे मी ठीक. थंडी म्हणावी तशी नाही. सहामाहीचे पेपर तपासून झाले, पाचवीच्या पोरांनी या वर्षीही गंगेला दक्षिणेत नेलं आहे. समोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय.

हे पत्र घेऊन जो माणूस तुझ्या दारात उभा आहे तो जगन. विचुंब्याचा आहे, भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याला जात असतो. त्याच्या सोबत कोण आहे ते तू ओळखलंच असशील. दार लावून घेऊ नकोस. साहेब स्वतः खाली बसून बंड्याच्या डोक्यावर हात ठेवीपर्यंत जिन्यावरून उठायचं नाही, असं मी जगनला सांगितलंय. "ताय, तुमी काय काळजी करू नुका, मी हालनार नाय," असं तो म्हणाला. आणि तो खरंच हलत नाही. त्याला बोहल्यावरून उतरवायलाही चार माणसं लागली होती म्हणे.

बाबांच्या तेराव्याला तू म्हणालास, "ताई, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो आणि बंड्याला नेतो." त्यानंतर कितीतरी रविवार आले नि गेले. कधी मितालीची परीक्षा, कधी गाडी गॅरेजमध्ये, कधी नीताची कंबर. मी म्हटलं, आपल्या भावाला एवढी दगदग कशाला, आपणच पोचवू.

तू विसरला आहेस असं मी म्हणत नाही. पण कामाच्या माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहिते. दहाव्याला गाढी नदीच्या काठी पिंड ठेवून आपण सगळे उभे होतो. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एक खाली येईल तर शपथ. आत्या पुढे झाली, "दादा, मनूची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळ्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकांनी घराचं आम्ही बघू म्हणून सांगून पाहिलं. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले. तू दोनदा घड्याळ पाहिलंस. मग हात जोडून पुढे गेलास आणि मोठ्यानं म्हणालास, "बाबा, बंड्याला मी नेतो. तो आहे तोवर मी स्वतः सांभाळीन."

तुझं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला आणि भाताला चोच लागली. आत्या रडायला लागली. काकांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्या नातेवाइकांनी ऐकलं, देवेश. मीही ऐकलं. आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं.

तर बंड्या आलाय. सोबत त्याचा साज आहे.

साज म्हणजे तू ज्याला "ते घोड्याचं लचांड" म्हणायचास ते. नीताला माहीत नसेल म्हणून लिहिते, तिला वाचून दाखव. बंड्या पिल्लू असताना नेऱ्याच्या कुणाच्या तरी वाडीत त्याला तारेनं बांधून ठेवलं होतं. तार गळ्यात रुतली. बाबांनी त्याला तिथून उचलून आणला तेव्हा गळ्याभोवती बांगडीसारखी जखम होती. ती भरली, पण गळ्याला काहीही लागलं की तो अजून खोकतो, घाबरतो आणि मिळेल त्या दिशेला ओढत सुटतो. म्हणून गळ्यात पट्टा कधीच नाही. आणि बाबांची नजर काचबिंदूनं कडेकडेनं खात आणली होती. त्यांना समोरचा माणूस दिसायचा, पायाखालची पायरी दिसायची नाही. जुन्या पनवेलचा बळीराम टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचा, त्याच्याकडून बाबांनी हा करून घेतला. ओढ सगळी छातीवर येते, गळ्यावर काही नाही, आणि पाठीवर धरायला चामड्याची ताठ मूठ. डाव्या हातात ती मूठ धरून बाबा रोज थेट तळ्यापर्यंत जाऊन यायचे. पायरी आली की बंड्या थांबायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाबा दोनदा ठेचकाळले, तेव्हा तो आपणच शिकला.

आता चढवायचा कसा ते नीट वाच. बंड्या उभा पाहिजे. बसल्यावर चढवलास तर पोटाचा पट्टा ढिला बसतो आणि चालताना सरकतो. तू त्याच्या शेजारी दोन्ही गुडघे टेकून बसायचं. उभ्यानं वाकून जमत नाही, बक्कल दिसत नाही आणि त्यात केस अडकतात. आधी वरची कडी डोक्यावरून घालायची. ती गळ्याला लागता कामा नये, खाली खांद्यांवर टेकली पाहिजे. मग छातीचा पट्टा मधोमध आलाय का ते बघायचं. मग पोटाचा पट्टा पुढच्या पायांच्या मागून घ्यायचा, काखेपासून जरा लांब, आणि बक्कल लावायची. लावून झाली की पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघायची. तीन गेली तर साज फिरतो. एकच गेलं तर काख सोलते. ही माझी बोटं धरून सांगतेय. तुझी आता चांगलीच जाड झाली आहेत.

फिरून आला की लगेच उतरवायचा, अंगावर ठेवून झोपू द्यायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचा. आतून घोंगडीचा तुकडा लावलाय, तो सुटा होतो, त्याचे केस काढायचे आणि अधूनमधून रिठ्यानं धुवायचा. साज भिजला तर उन्हात टाकायचा नाही, चामडं तडकतं. सावलीत खिळ्याला टांगायचा. आपल्याकडच्या पावसात तो पुरता वाळायला दोन दिवस घेतो. पंधरा दिवसांनी एरंडेल बोटावर घेऊन चोळायचं. नीताचं सुवासिक तेल नको, तो चाटत बसेल. कपाटात ठेवलास तर बुरशी येईल. मी हे इतकी वर्षं केलंय की साज हातात घेतला की तो भिजून आलाय की नाही, हे मला डोळे मिटूनसुद्धा कळतं.

मनातलं सांगू? तुला रोज सकाळी कुत्र्यापुढे गुडघे टेकलेला बघायला मी तिथे नसणार, याचं मला फार वाईट वाटतंय. बाबांच्या पाया पडतानासुद्धा तू अर्धाच वाकायचास.

त्याला परत पाठवायचं मनात आणू नकोस. बाहेर कुणाला देऊनही टाकू नकोस. शब्द तू पिंडापुढे दिला आहेस, माझ्यापुढे नाही, त्यामुळे मला तो सोडवता येत नाही. आणि मला तुझ्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे. कोणती ते तुला ठाऊक आहे. मी विचारणार नाही. तू आपणहून सांगेपर्यंत रोज सकाळी साज हातात घ्यायचा आणि रोज ती गोष्ट आठवायची, एवढंच.

मितालीला गोड पापा. नीताच्या नव्या सोफ्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मनूताई

ता. क. तो पहाटेच उठतो. त्याला रविवार कळत नाही.


नवीन पनवेल,
२० फेब्रुवारी १९९४

चि. देवेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं! बाबा असताना तुझं पत्र कधी अर्ध्या कार्डाच्या पलीकडे गेलं नाही. तुझं अक्षर इतकं चांगलं आहे हे मला आत्ता कळलं.

जगननं तेव्हाच येऊन सगळं सांगितलं होतं. "ताय, सायेब पार पांढरा पडला. बाई आतून वरडत व्हती. पन मी काय उठलू नाय. मंग सायेब बसला खाली नि कुत्र्याच्या डोक्याव हात ठेवला." मी त्याला दोन कप चहा पाजला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

आता तुझ्या तक्रारींकडे वळते.

सोफा फाटला. वाईट झालं. बंड्याला आमच्याकडे चटईची सवय, सोफा बसायचा असतो हे त्याला माहीत नसणार.

सोसायटीतली पोरं तुला "टांगेवाला" म्हणतात. म्हणू देत. ती पोरं बाबांना इथे काय म्हणायची ते तू ऐकलं होतंस, तुझ्यादेखतच म्हणाली होती. बाबा हसून पुढे जायचे.

काख सोलली. म्हणजे एकच बोट. मी स्पष्ट लिहिलं होतं, तू घाईत वाचलंस. जखम कोमट पाण्यानं पूस, खोबरेल लाव आणि भरेपर्यंत साज चढवू नकोस. तोवर त्याला बाहेर न्यायचं तर मोठा टॉवेल छातीखालून घे आणि दोन्ही टोकं वर हातात धरून त्याच्याबरोबर चाल. थोडं वाकून चालावं लागेल. लोक बघतील. टॉवेल पांढरा घेऊ नकोस.

आणि शेवटची गोष्ट, जी तू चौथ्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिली आहेस. तुझ्या मित्राचं नेऱ्याला फार्महाऊस आहे, मोकळी जागा आहे, माळी आहे, तिथे बंड्या "खूश राहील." नेऱ्याला, देवेश? जिथून बाबांनी त्याला गळ्यातली तार कापून आणला, तिथे? तिथला माळी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसणार आहे? संध्याकाळपर्यंत त्याच्या गळ्यात दोरी असेल आणि आठवड्यात तो खोकून खोकून मरेल. मग तू पुण्यात बसून म्हणशील, वय झालं होतं.

हे होणार नाही. आत्याला मी संक्रांतीलाच कळवलंय की देवेशनं शब्द पाळला, कुत्र्याला तळहातावर वागवतोय. तिनं ते अख्ख्या गोतावळ्यात सांगितलंय. तुझं असं कौतुक आपल्या घरात तुझ्या इंजिनीयरिंगच्या निकालालाही झालं नव्हतं. आत्या पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहे, खास बंड्याला बघायला. तिला तो नेऱ्याला आहे असं सांगायचं असेल तर तू सांग. मी तुझ्याबद्दल कुणाजवळ वाईट बोलत नाही.

आता, मी विचारणार नाही असं म्हटलं होतं. विचारत नाहीच. मला जे माहीत आहे ते फक्त सांगते.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी तू आला होतास. रविवारी सकाळी तू, बाबा आणि बंड्या फिरायला गेलात आणि मी बाजारात. परत आले तर शेजारच्या काकू जिन्यातच, "अगं मनू, बाबा पडले, हॉस्पिटलात नेलंय." मी तशीच पिशवी घेऊन धावले. तू बाहेर बाकावर बसला होतास. म्हणालास, "शेवाळावरून पाय घसरला ताई, गटाराच्या कडेला. बंड्या होता बरोबर, साज वगैरे सगळं घातलेलं होतं."

साजाचं तुला कुणी विचारलं नव्हतं. मी तर फक्त विचारलं होतं की बाबा शुद्धीवर आहेत का.

संध्याकाळी मी बंड्याला खायला घालायला घरी आले. तो जिन्याखाली बसला होता, नखशिखांत भिजलेला, थरथरत. घरात आले. साज खिळ्याला होता. हॉस्पिटलातून येतानाच मनाशी म्हटलं होतं की आल्या आल्या साज पुसायचा, नाहीतर बुरशी धरेल. सवय असते ना. मी तो हातात घेतला आणि तिथेच उभी राहिले. कोरडा होता. चामडं कोरडं, बक्कल कोरडी, आतली घोंगडी कोरडी ठणठणीत. सकाळपासून पाऊस एक मिनिट थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाताना गटाराच्या कडेला मला ती साखळी दिसली. तू पुण्याहून प्रेझेंट आणली होतीस ती, लाल पट्ट्याची, चकाकती. पट्ट्यात बंड्याचे केस अडकले होते. मी ती उचलली नाही. घरात आणली असती तर कुठे ठेवणार होते?

बाबांचं मांडीचं हाड मोडलं होतं, पुढे न्यूमोनिया झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना विचारलं होतं. तीन वेळा विचारलं. पेज भरवताना, पाठ पुसताना, आणि एकदा कुणी नसताना अगदी कानाशी. तिन्ही वेळा म्हणाले, "माझाच पाय गं मनू. शेवाळ होतं." आजारी माणूस, काय आठवणार, असं मी समजले.

मी हे आत्याला सांगितलेलं नाही, काकांना नाही, नीताला नाही. तुला सांभाळून घ्यायला म्हणून नाही, असा गैरसमज करून घेऊ नकोस. चारचौघांत सांगितलं तर तू रडशील, लोक तुला दोन शिव्या देतील, मग तेच तुझी समजूत काढतील, "होतं असं, मुद्दाम का केलंस," आणि आठ दिवसांत तू मोकळा. मला तुला मोकळं करायचं नाही. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, मी समोर असताना. एवढी एकच गोष्ट हवी आहे मला या जगात. बाकी घर, भांडी, आईचे दागिने, काय हवं ते घेऊन जा.

काख भरली की साज पुन्हा चढव. दोन बोटं.

मितालीला आशीर्वाद. तिनं पत्राच्या मागे बंड्याचं चित्र काढलंय, ते मी भिंतीला लावलंय. साजाची मूठ तिनं बरोबर काढली आहे. तुझ्या घरात कुणीतरी नीट बघतं म्हणायचं.

वाट बघणारी,
मनूताई


नवीन पनवेल,
२५ ऑक्टोबर १९९४

देवेश,

तुम्ही सगळे बरे असाल. मी बरी आहे. कर्नाळ्याला पाचवीची सहल नेऊन आणली, एकही पक्षी दिसला नाही, पोरांनी डबे मात्र चाटूनपुसून खाल्ले. शाळेला दिवाळीची सुट्टी लागेल.

वर्षश्राद्धाला तू जे सांगितलंस त्यावर मी त्या दिवशी काही बोलले नाही. पानं वाढायची होती, आत्या होती. आता बोलते.

गाडीतून तू बंड्याला उतरवलंस तेव्हा मी गॅलरीत होते. पळत खाली आले. मला वाटलं होतं तो वाळलेला असेल, केस गेलेले असतील, आणि मी तुला सगळ्यांसमोर काहीतरी झोंबेल असं बोलेन. वाक्यसुद्धा तयार होतं. तो धावत आला, माझं तोंड चाटलं, ओरडला, गोल गोल फिरला. मी साजाखाली बोटं घातली. दोन गेली. काख बघितली, केस आले होते. चामडं मऊ होतं, तेल दिलेलं. बक्कलच्या काट्याला गंज नव्हता. मला खोट काढायची होती आणि ती मला सापडली नाही.

मग तू "चल" म्हणालास. म्हणजे मोठ्यानं नाही, नेहमीचं म्हणतोस तसं. आणि तो मला सोडून तुझ्याकडे गेला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याशी उभा राहिला. बाबांच्या जसा उभा राहायचा अगदी तसाच. मला त्या क्षणी त्याचा राग आला. मुक्या जनावराचा. तुझ्यामुळे माझ्यावर तीही वेळ आली.

जेवणं झाल्यावर गॅलरीत हात धुताना तू सांगितलंस. आदल्या संध्याकाळी नाक्यावरची पोरं बाबांना "आंधळा भिकारी, कुत्रा फिरवी" म्हणून ओरडली, तुला लाज वाटली, म्हणून सकाळी तूच साज काढून ठेवलास. बाबा म्हणाले, "अरे, त्याच्या गळ्याला सोसत नाही." तू म्हणालास, "बाबा, मी आहे ना." रस्त्यात बंड्या खोकायला लागला, ओढायला लागला. बाबांचा डावा हात दोनदा खाली गेला, मूठ शोधत. तू बघितलंस. मग समोरून रिक्षा आली, बंड्या भेदरला, आणि तू साखळी सांभाळायला वळलास. साखळी. तू बाबांकडे नाही, साखळीकडे वळलास. हे तू आपल्या तोंडानं सांगितलंस, काही सारवासारव केली नाहीस. माझ्याकडे बघून सांगितलंस. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं.

तिथेच थांबला असतास तर बरं झालं असतं.

पण तू पुढचंही सांगितलंस. गटाराच्या कडेला पावसात पडल्या पडल्या बाबांनी तुझी बाही धरली आणि म्हणाले, "मनूला सांगू नकोस रे. तिला कळलं तर ती तुला जन्मभर सोडायची नाही."

मी वर्षभर काय समजत होते? की तू मला फसवतोयस. मी तुला गुडघ्यावर आणलं, तुला हसणारी पोरं मला जगनच्या तोंडून कळायची आणि माझा दिवस चांगला जायचा. मला वाटायचं हे सगळं मी बाबांसाठी करतेय. तू एकदा खरं बोललास की आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बाबा, जिंकू. तू खरं बोललास आणि जिंकलात तुम्ही दोघं.

त्यांच्या डोळ्यांत थेंब कुणी घातले, देवेश? दुपारी दोनला शाळेतून पळत येऊन कुणी घातले? साज कुणी पुसला, पेज कुणी भरवली? चांगलं स्थळ आलं होतं तेव्हा "बाबांचं कोण बघणार" म्हणून कोण राहिलं? आणि त्या माणसानं मरणाच्या बिछान्यावर माझ्याकडे बघून तीनदा खोटं सांगितलं. शेवाळ होतं म्हणे. अंगात बोलायला त्राण नव्हतं, आणि जेवढं होतं तेवढं त्यांनी तुला वाचवण्यात घातलं. मला त्यांनी ओळखलं होतं, अगदी बरोबर ओळखलं होतं. पण ओळखीच्या माणसाशी असं वागतात का?

मी त्यांच्या फोटोला त्या दिवसापासून हार घातलेला नाही. हे मी तुला सोडून कुणाला सांगणार?

त्यांनी तुला माफ करून टाकलं. मला न विचारता, दोघांच्या वतीनं, तिथेच रस्त्यावर. माझ्या वाट्याची माफी त्यांनी परस्पर देऊन टाकली. ती मला मान्य नाही. त्यांची त्यांनी दिली, तुला पोचली, तुझी आहे. माझी माझ्याकडे आहे आणि ती मी देत नाही. आज देत नाही, पुढेही देईन असं समजू नकोस. बाबा म्हणाले होते ना, जन्मभर सोडायची नाही? त्यांचा तेवढा शब्द मी खरा करणार आहे.

निघताना तू गाडीच्या खिडकीतून विचारलंस, "ताई, बंड्या परत हवाय का तुला?" हवाय. फार हवाय. या घरात पहाटे कुणी दार खरवडत नाही. मी जागी होते आणि पडून राहते. तरी तो राहू दे तुझ्याकडे. तो आता तुझा झालाय, आणि जो आपणहून तुझ्या गुडघ्याशी जाऊन उभा राहिला त्याला मी ओढून आणायची नाही. शिवाय त्याचं वय झालंय, देवेश. अजून दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्यात तुझा जीव त्याच्यात पुरता अडकेल, आत्ताच अडकलाय, मी बघितलं. मग एक दिवस तो जाईल आणि तुला कळेल की रोज सकाळी ज्याच्यासाठी उठायचं तो नसला म्हणजे काय होतं. त्या दिवशी मला पत्र लिहू नकोस. मी समजूत काढणार नाही.

आता दिवाळीचं. गेल्या वर्षी सण नव्हता. या वर्षी भाऊबीजेला तिघं येतो म्हणाला होतास. येऊ नका. मितालीसाठी फराळ जगनबरोबर पाठवीन, चकल्या तिला आवडतात त्या.

आईला भाऊ नव्हता. तुला आठवत असेल, भाऊबीजेच्या संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. आपण दोघं तिच्यामागून जिना चढायचो, तू माझा परकर धरून. एकदा तू तिला विचारलंस, "चंद्र ओवाळणी काय घालतो?" ती म्हणाली, "काही घालत नाही. म्हणून भांडणही होत नाही." आपण खूप हसलो होतो.

या वर्षी मी गच्चीवर जाणार आहे. बीजेचा चंद्र लवकर मावळतो, तेव्हा ताट उजेड आहे तोवरच तयार करून ठेवावं लागेल.

दीनानाथांची मुलगी,
मनिषा